जीपवर डकवलेला तो कागद कोणाच्या बळावर टिकला?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं होतं. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारच्या कामात न्यायालयं आडवी येतात, न्यायाधीशांना कोणी मत दिलेलं नाही, तेव्हा त्यांच्या नेमणुका आणि बदल्या सरकारच्याच हाती असाव्यात, असा त्या पत्राचा सूर होता. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेल. महामार्ग रखडतो, धरण रखडतं, त्याचा राग कोकणातल्या माणसाला नाही येणार तर कोणाला? पण ते पत्र वाचल्यापासून मला चैन नाही, म्हणून लिहितो आहे.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका दिवाणी न्यायालयात चौतीस वर्षं बेलिफ होतो. न्यायाधीश खुर्चीत बसून हुकूम लिहितात, तो माणसाच्या दारापर्यंत नेण्याचं काम बेलिफाचं. समन्स बजावायचं, घराला कुलूप असेल तर पंचांसमक्ष दारावर डकवायचं, जमिनीचा ताबा द्यायचा, जप्ती करायची. एसटीने फाट्यापर्यंत, पुढे चालत, खाडी आली की तरीतून पलीकडे. पावसाळ्यात कोर्टाचे कागद भिजू नयेत म्हणून मी ते दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून नेत असे. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. कोर्टाचा कागद दारावर गेल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते मात्र मी हजारो वेळा पाहिलं आहे. त्यातला एक प्रसंग सांगतो.

२००३ सालचा जून. पाऊस नुकताच लागला होता. माझ्या हातात एक जंगम जप्तीचं, म्हणजे हलवता येणाऱ्या वस्तू जप्त करण्याचं वॉरंट आलं. दरखास्तदार, म्हणजे कोर्टाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणाऱ्या, होत्या सत्तरी ओलांडलेल्या एक विधवा आजी. त्यांची बावीस गुंठे भातजमीन १९८८ साली कालव्यात गेली होती. सरकारी निवाड्यात लावलेला दर त्यांनी हरकत नोंदवून उचलला आणि भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली वाढीव मोबदला मागितला. कोर्टाने पुरावा घेतला, दर वाढवून दिला. त्यावर तीस टक्के दिलासा रक्कम आणि वाढीव रकमेवर व्याज, ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षाला नऊ टक्के आणि पुढे पंधरा टक्के. हे आकडे न्यायाधीशांच्या मनचे नव्हेत. १८९४ च्या त्या कायद्यातच ते लिहिलेले होते. हुकूमनामा झाला १९९७ मध्ये. पैसे काही आले नाहीत. आजींनी दरखास्त लावली. दर तारखेला सरकारकडून एकच उत्तर येई, निधी उपलब्ध झालेला नाही. व्याज चढत होतं आणि ते तुमच्या-आमच्या खिशातूनच जाणार होतं, पण त्याचं सोयरसुतक कोणाला नव्हतं. शेवटी न्यायाधीशांनी संबंधित कार्यालयातल्या वस्तू जप्त करण्याचा हुकूम काढला.

जप्तीच्या वेळी मालमत्ता दरखास्तदाराने दाखवायची असते, म्हणून आजी बरोबर आल्या. काळी छत्री, हातात कापडी पिशवी, पायात काही नाही. कार्यालय कोणतं ते इथे महत्त्वाचं नाही. मी वॉरंट दाखवलं, कारकून उठून उभे राहिले आणि एकमेकांकडे बघू लागले. पंच मिळेनात. अखेर समोरच्या टपरीवरचे दोघे कसेबसे तयार झाले. मी टेबलाच्या कोपऱ्यावर कागद टेकवून यादी लिहायला घेतली. लाकडी टेबलं तीन, खुर्च्या अकरा. एवढं लिहून होतंय तोच आजींनी माझ्या दंडाला हात लावला. म्हणाल्या, “खुर्चे नको लिवू रे बाबा. कामाक इल्ले लोक बसतले खंय? ती गाडी लिव.”

खुर्च्यांवर मी रेघ मारली. पोर्चमध्ये साहेबांची जीप उभी होती, तिचा नंबर लिहिला.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. कोणाच्या गाडीला हात लावतोयस ते कळतंय का, असं त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं. उद्या कुठे असशील याचा विचार कर, असंही म्हणाले. संपादक महाशय, खरं सांगतो, माझं पेन थांबलं. घरी दोन मुलं शाळेत होती. साहेबांनी तिथूनच कोर्टात फोन लावला आणि न्यायाधीशांना बोलवायला सांगितलं. फोन शिरस्तेदारांनी, म्हणजे कोर्टाच्या मुख्य कारकुनांनी घेतला होता. न्यायाधीश काम चालवत होते, ते उठले नाहीत. थोड्या वेळाने त्यांचा निरोप तेवढा आला. सरकारचं काही म्हणणं असेल तर सरकारी वकिलांमार्फत अर्ज द्यावा, दुसऱ्या बाजूसमोर तो ऐकला जाईल. बेलिफाने वॉरंटप्रमाणे काम पुरं करावं.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते अजून लख्ख आठवतं. माझी नेमणूक जिल्हा न्यायाधीशांनी केली आहे, माझी बदलीही तेच करतील. आमच्या न्यायाधीशांची बदली मुंबई उच्च न्यायालय करतं. समोर उभ्या असलेल्या साहेबांचा हात तिथवर पोचत नाही, त्यांच्या वरच्या साहेबांचा नाही आणि पालकमंत्र्यांचाही नाही. राज्यघटनेच्या कलम २३५ मध्ये हे लिहिलं आहे हे मला पुढे एका वकिलांनी दाखवलं, पण त्या पोर्चमध्ये मला ते अंगाला जाणवलं होतं. मी पंचनामा पुरा केला. पिशवीतली डिंकाची बाटली काढली आणि जप्तीचा कागद जीपच्या पुढच्या काचेवर डकवला. पावसाच्या शिंतोड्यांनी कडा उलटत होत्या, त्या अंगठ्याने दाबून धरल्या.

दुसऱ्या दिवशी सरकारी वकील अर्ज घेऊन कोर्टात हजर झाले, मुदत मागितली. आजींच्या वकिलांचं ऐकून न्यायाधीशांनी ती दिली. तीन आठवड्यांत सगळी रक्कम कोर्टात जमा झाली. सहा वर्षं जो निधी उपलब्ध नव्हता, तो तीन आठवड्यांत आला.

आता त्या पत्रलेखकांना मी विचारतो. न्यायाधीशांची बदली त्या दिवशी मंत्रालयातून होत असती तर तो निरोप तसाच आला असता का? साहेब सरकारचे, पैसे सरकारचे, कालवा सरकारचा, सरकारला बहुमत होतं. आजींचं मोजून एक मत. निवडणुकीत त्या एका मताने आजींचे बावीस गुंठे सुटले नसते. लोकशाहीत बहुमताने राज्य चालतं हे मान्य, पण सरकारनेच एखाद्याचे पैसे दाबून ठेवले तर त्या माणसाने जायचं कुठे? ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच माणसाकडे? न्यायाधीशांचं स्वातंत्र्य ही त्यांची मिरवण्याची गोष्ट आहे असं अनेकांना वाटतं. माझ्या चौतीस वर्षांच्या अनुभवात ते आजींसारख्यांच्या कामी आलं आहे.

माझे वडील सांगत, त्यांच्या लहानपणी मामलेदार सारावसुलीही करत आणि फौजदारीचे खटलेही चालवत. सारा थकला म्हणून ज्याने सकाळी दमात घेतलं, त्याच्यासमोरच दुपारी आरोपी म्हणून उभं राहायचं. मुंबई राज्यात १९५१ च्या कायद्याने ही दोन कामं वेगळी करायला घेतली गेली आणि १ एप्रिल १९७४ पासून नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने न्यायदंडाधिकारी देशभर उच्च न्यायालयाच्या अधिकाराखाली आले. घटनेच्या कलम ५० मध्ये राज्याला जे बजावलं होतं, ते प्रत्यक्षात उतरायला एवढी वर्षं लागली. अर्थात अजूनही सगळं उतरलेलं नाही. आपल्याकडे कुळाच्या जमिनीची चौकशी आजही तहसीलदारच करतात. सकाळी मंत्र्यांच्या दौऱ्याची व्यवस्था, दुपारी वादळाच्या नुकसानीचे पंचनामे, आणि मधल्या वेळात कूळकायद्याच्या कलम ३२ ग ची सुनावणी. तो अधिकारी वाईट असतो असं मी म्हणत नाही, कित्येक तहसीलदार मनापासून न्यायाने वागताना पाहिले आहेत. पण जमीन ज्या पुढाऱ्याच्या नजरेत भरली आहे, त्याचाच फोन घेणं ज्याच्या नोकरीचा भाग आहे, त्याच्याकडे निवाडा सोपवायचा हे कुळावरही अन्यायाचं आहे आणि त्या अधिकाऱ्यावरही. पत्रलेखकांना सरकारच्या हातातले न्यायाधीश कसे असतील ते पाहायचं असेल, तर त्यांनी एखाद्या कूळप्रकरणाच्या फायलीच्या मागे वर्षभर फिरून पाहावं.

वरच्या पातळीवर काय होतं तेही आपल्याला नवं नाही. १९७३ च्या एप्रिलमध्ये केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला, घटनेची मूळ चौकट संसदेलाही मोडता येणार नाही असं सात विरुद्ध सहा मतांनी ठरलं, आणि लगोलग शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरकारने चौथ्याला सरन्यायाधीश केलं. त्यानंतर तीन वर्षांनी काय घडलं ते जुन्या राजापूर लोकसभा मतदारसंघाच्या लोकांनी तरी विसरू नये. आपले तेव्हाचे खासदार मधु दंडवते आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते. वाजपेयी आणि अडवाणींबरोबर त्यांनीही कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली होती. देशातल्या नऊ उच्च न्यायालयांनी अशा स्थानबद्धांचं म्हणणं ऐकून घेता येतं असं सांगितलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्या. हंसराज खन्ना यांनी सरकारी बाजूला विचारलं की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला मारलं तर त्यावर तरी दाद आहे का? आणीबाणी चालू आहे तोवर नाही, असं उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल लागला. विरोधी मत एकट्या खन्नांचं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची सरन्यायाधीशपदाची पाळी आली तेव्हा त्यांना डावललं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतातल्या चौघांत आपले मराठी न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं आणि ते लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव होते. एक्केचाळीस वर्षं लागली. १९७६ मध्ये मी कॉलेजात होतो. आमच्या मतदारसंघातून निवडून आलेल्या माणसाला बाहेर काढायला देशात एकही कोर्ट उरलेलं नाही, हे आमच्या शिक्षकांनी हळू आवाजात सांगितलं होतं. निवडून आलेल्यांनाही स्वतंत्र कोर्ट लागतं, ते असं.

न्यायालयांवर टीका करू नये असं मी म्हणत नाही. टीका करायला पुष्कळ जागा आहे. न्यायमूर्तींच्या नेमणुका न्यायमूर्तींनीच करायच्या आणि कारणं कपाटात ठेवायची, हे मला पटत नाही. २०१५ मध्ये न्यायाधीश नेमणूक आयोगाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तो निकाल मला योग्य वाटतो, पण त्यानंतर कॉलेजियमने, म्हणजे नेमणुका ठरवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने, आपलं दार उघडायला हवं होतं ते पुरेसं उघडलेलं नाही. डॉ. आंबेडकरांनी मे १९४९ मध्ये घटना समितीत दोन्ही बाजूंचा धोका सांगितला होता. नेमणुकीचा निरंकुश अधिकार सरकारला देणं धोक्याचं, आणि सरन्यायाधीशही शेवटी माणूसच, म्हणून त्यांच्या हाती नकाराधिकार देणंही धोक्याचं. निवृत्तीनंतर सरकारने दिलेली पदं घेणं हाही तसाच प्रश्न. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९५८ मध्येच त्याला विरोध केला होता. उद्या ज्याच्याकडून खुर्ची मिळायची, त्याच्याविरुद्ध आज निकाल देताना मन डळमळणार नाही असा माणूस विरळा. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी निवृत्तीनंतर असं पद घेणार नाही असं जाहीर केलं, तेव्हा आमच्या घरात आम्ही पेढे वाटले नाहीत इतकंच.

पण मला सर्वांत जास्त छळते ती दिरंगाई. आजींचा हुकूमनामा हातात पडला तेव्हा जमीन जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि पैसे मिळाले पंधराव्या वर्षी. महाडच्या चवदार तळ्याचं उदाहरण कोकणातल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे, पण त्यातला कोर्टाचा भाग फार थोड्यांना माहीत असतो. मार्च १९२७ च्या सत्याग्रहानंतर डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला होता, माणसं जमली होती. तळं खासगी आहे म्हणून काही सवर्णांनी दावा लावला आणि महाडच्या कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. बाबासाहेबांनी तो मानला आणि सत्याग्रह थांबवला. मग महाडचं कोर्ट, ठाण्याचं कोर्ट, शेवटी मुंबई उच्च न्यायालय. अस्पृश्यांना बंदी घालण्याची अनादिकाळापासूनची रूढी वादींना कुठेच सिद्ध करता आली नाही. अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. कोर्टाने न्याय दिला याचा अभिमान वाटतो, आणि पाण्यासाठी दहा वर्षं लागली हे वाचून छातीत कळ येते. दोन्ही खरं आहे.

त्या दिरंगाईचं खापर न्यायाधीशांवर फोडणाऱ्यांनी तालुक्याच्या कोर्टात एक दिवस बसून बघावं. दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने १९८७ मध्ये सांगितलं, सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तसा आदेश दिला. आज आपण त्याच्या निम्म्यालाही पोचलेलो नाही आणि देशभरात तुंबलेले खटले पाच कोटींच्या वर आहेत. माझ्या नोकरीत असा काळ आला होता की आमच्या कोर्टात न्यायाधीशच नव्हते, शेजारच्या तालुक्याचे साहेब आठवड्यातून दोन दिवस प्रभारी म्हणून येत आणि बोर्डावरची निम्मी प्रकरणं नुसती तारीख देण्यात जात. जीपचं वॉरंट काढणारे ते न्यायाधीश ज्या सरकारी घरात राहत, त्याचं छप्पर गळायचं. स्वयंपाकघरात दोन घमेली ठेवलेली असत. दुरुस्तीचं अंदाजपत्रक दोन पावसाळे सरकारी टेबलावर पडून होतं. त्यासाठी त्यांनी कोणाला फोन केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. का केला नाही, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. इमारत, कर्मचारी, टंकलेखनाचा कागद, सगळ्याचे पैसे सरकार मंजूर करणार असेल तर न्यायालयाची नाडी तेवढ्यापुरती सरकारच्या हातातच राहते. पत्रलेखकांनी लेखणी चालवायचीच असेल तर या विषयावर चालवावी, मी त्यांच्या बरोबर सही करीन.

चांगलंही घडतं आहे, ते सांगायला हवं. अपिलासाठी आमच्याकडच्या माणसाला मुंबई गाठावी लागे. कोकणकन्येत रात्रभर बसून जायचं, दादरला कोणा नातेवाइकाकडे आंघोळ उरकायची, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहायचं आणि संध्याकाळी ‘पुढची तारीख’ एवढं ऐकून परत फिरायचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे आपले दोन्ही जिल्हे आहेत. फोंडा घाट चढून गेलं की दुपारच्या आत कोर्टात, रात्री परत घरी. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मुंबईच्या खेपा परवडत नाहीत म्हणून सोडून दिलेला हक्क मला अजून आठवतो. ते आज हयात नाहीत. हे बेंच कायम व्हावं यासाठी आपल्या दैनिकाने पाठपुरावा करावा, अशी विनंती आहे. आणखी एक मागणं आहे. जिल्ह्यातल्या कोणत्या कोर्टात न्यायाधीशाची जागा किती महिने रिकामी आहे, हे आपण दर महिन्याला छापाल का? पर्जन्यमानाचं कोष्टक छापता, तसंच.

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे वाक्य मी कोर्टाच्याच पायरीवर उभं राहून आयुष्यभर ऐकलं. ज्याच्या हातात सत्ता आणि पैसा आहे, त्याच्या फार सोयीचं आहे ते.

आजी धनादेश घ्यायला आल्या तो दिवस सांगून थांबतो. वकिलांनी ओळख दिली, आजींनी अंगठा उठवला. मग पिशवीतून आमसुलांची एक पुडी काढली आणि मला विचारलं, “सायबांका भेटाक गावात काय? ही सोलां हाडलंय त्यांका.” मी शिरस्तेदारांना सांगितलं, ते चेंबरमध्ये जाऊन आले. साहेब भेटू शकत नाहीत, निकाल पुराव्यावर दिला आहे, आजींना माझा नमस्कार सांगा, असा निरोप होता. मला वाटलं, आजींना वाईट वाटेल. त्यांनी क्षणभर त्या बंद दाराकडे पाहिलं. “बरां,” म्हणाल्या, पुडी परत पिशवीत ठेवली आणि छत्री उघडून साडेतीनच्या एसटीला निघाल्या.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त बेलिफ
(जि. सिंधुदुर्ग)